फ्रेंच पोर्सिलेनवरचे देव कसे ओळखायचे

संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात गडद निळ्या काठाची एक ताटली आहे, असे समजा. मधोमध गोल चित्र. झाडाखाली बसलेली एक स्त्री, तिच्या कपाळावर चंद्रकोर, पायाशी भाता आणि कुत्रे, जवळ आणखी एक तरुणी. शेजारच्या चिठ्ठीवर एवढेच लिहिलेले असते: 'ताटली, सेव्र, अठरावे शतक, पौराणिक प्रसंग'. पाहणारा सोनेरी कामाचे कौतुक करतो आणि पुढच्या कपाटाकडे सरकतो. मला याची फार हळहळ वाटते. ही ताटली ज्यांच्यासाठी घडवली, ते तिच्यावरचे चित्र वाचत. फळे किंवा मिठाई संपत आली की खालून प्रसंग उघडा पडे, आणि शेजारी बसलेल्याशी बोलायला विषय मिळे.

हे वाचण्यासाठी लॅटिन यावे लागत नाही. लागते ती नजर आपल्याकडे आधीपासूनच आहे. मंदिराच्या भिंतीवरची मूर्ती ओळखताना आपण चेहरा बघत नाही. हातात काय आहे, पायाशी कोणते वाहन आहे, हे बघतो. विष्णूची चोवीस रूपे तर शंख, चक्र, गदा, पद्म कोणत्या क्रमाने कोणत्या हातात आहेत एवढ्यावरून वेगळी ओळखली जातात. हीच सवय फ्रेंच ताटलीपुढे वापरायची आहे.

थोडी पार्श्वभूमी हवी, तेवढीच देतो. चिठ्ठीवरचे सेव्र म्हणजे पोर्सिलेनचा, उंची चिनी मातीच्या भांड्यांचा, कारखाना. पॅरिसजवळच्या व्हँसेन इथे 1740 मध्ये तो सुरू झाला, 1756 मध्ये सेव्र या गावी हलला आणि 1759 मध्ये पंधराव्या लुईने तो पूर्णपणे आपल्या मालकीचा केला. त्याच काळात इटलीत जमिनीखालचे जुने रोमन जग वर येत होते. हर्क्युलेनियमचे उत्खनन 1738 मध्ये आणि पॉम्पेचे 1748 मध्ये सुरू झाले होते. पुराणकथा फ्रेंच दरबाराला आधीपासून ठाऊक होत्याच. आता त्यांच्याबरोबर प्राचीन वस्तूंचे प्रत्यक्ष आकार आणि नक्षीही समोर आली, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत ती जेवणाच्या टेबलापर्यंत पोहोचली.

पहिली पायरी: आधी भांडे बघा

चित्राकडे धाव घेण्याआधी भांडे कशाचे आहे ते ठरवा. राजघराण्यातल्या मेजवानीत आधीचे पदार्थ बहुधा चांदीच्या भांड्यांतून येत, आणि पोर्सिलेनचा खरा थाट शेवटच्या गोडाच्या पंगतीला असे. म्हणून पुराणकथांची चित्रे असलेले संच बघाल तर त्यात ताटल्या, फळांच्या पसरट वाट्या, आइस्क्रीमचे छोटे पेले, साखरदाण्या, पेले बर्फात उपडे ठेवून गार करायची नागमोडी काठाची भांडी आणि आइस्क्रीम ठेवायची उंच झाकणाची भांडी जास्त दिसतात. या शेवटच्या भांड्यात आत वेगळी वाटी असते. बर्फ वाटीच्या खाली आणि झाकणाच्या खोलगट माथ्यावर, दोन्हीकडे भरत.

भांडे कळले की चित्राचा अर्थ अर्धा सोपा होतो. पेले गार करायच्या भांड्यावर द्राक्षांच्या वेलीत लोळणारी पोरे दिसली, तर मद्याचा देव बॅकस जवळपास आहे असे धरून चालायला हरकत नाही.

दुसरी पायरी: चित्र कोणत्या जातीचे आहे?

सेव्रच्या भांड्यांवर पुराणकथा साधारण चार रूपांत येते, आणि प्रत्येक रूप वाचायची रीत वेगळी आहे.

पहिले रूप म्हणजे रंगीत काठाच्या आत पांढरी राखलेली चौकट आणि तिच्यात रंगवलेला पूर्ण प्रसंग. दुसरे म्हणजे कोरीव खड्यासारखे दिसणारे चित्र. तपकिरी जमिनीवर, म्हणजे पार्श्वरंगावर, पांढरट मुखवटा किंवा छोटी आकृती, बहुधा एका बाजूने पाहिलेली. हे कॅमिओ. प्राचीन कोरीव खड्यांच्या संग्रहांवरून ते घेत. तिसऱ्या रूपात देव दिसतच नाही, फक्त त्याच्या वस्तूंचा जुडगा असतो. धनुष्य, भाता, पेटती मशाल आणि कबुतरे एकत्र बांधलेली दिसली तर विषय प्रेम. लायर हे तंतुवाद्य आणि लॉरेलची पाने दिसली तर अपोलो, म्हणजे संगीत आणि काव्य. आपण नुसत्या पादुकांना नमस्कार करतो, तसेच हे आहे.

चौथे रूप रंगाचे नाहीच. टेबलाच्या मधोमध मांडायच्या छोट्या मूर्तींचे आहे. त्या झिलई न देता भाजत. संगमरवरासारख्या दिसणाऱ्या या पांढऱ्या, बिनचकाकीच्या पोर्सिलेनला बिस्किट म्हणतात. शिल्पकार फाल्कोने 1757 ते 1766 या काळात सेव्रच्या शिल्पविभागाचा प्रमुख होता. स्वतः घडवलेल्या मूर्तीच्या प्रेमात पडलेला पिग्मॅलियन त्याने 1763 मध्ये संगमरवरात दाखवला, आणि तो गट सेव्रने बिस्किटातही काढला. त्याच्यानंतर ब्वाझो आला. त्याचे नाव पुढे पुन्हा येईल.

तिसरी पायरी: हात, डोके, पायथा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक आकृतीची तीन ठिकाणे याच क्रमाने तपासायची: हातात काय, डोक्यावर काय, पायाशी किंवा मागे कोण. फ्रेंच लोक देवांची रोमन नावे वापरत, म्हणून इथेही तीच वापरतो.

गरुड आणि वज्र असेल तर ज्युपिटर, देवांचा राजा. वज्र म्हटल्यावर आपल्याला इंद्र आठवेल, आणि ते स्वाभाविकच आहे. दोघेही आकाशाचे आणि विजेचे देव. चित्रातले वज्र मात्र ज्वाळांच्या जुडीसारखे, मधोमध पकडलेले असते. मोर असेल तर ज्युपिटरची बायको जूनो. शिरस्त्राण, भाला, ढालीवर सापांच्या केसांचे मुंडके आणि जवळ घुबड असेल तर मिनर्व्हा, बुद्धीची देवी. कपाळावर चंद्रकोर, धनुष्य, शिकारी कुत्रे म्हणजे डायाना. पंखांची टोपी आणि दोन साप गुंडाळलेली काठी म्हणजे मर्क्युरी, देवांचा निरोप्या. गव्हाची पेंढी आणि विळा म्हणजे सेरीस. द्राक्षे, आयव्हीची वेल, टोकाला पाइनचे फळ असलेली काठी आणि बिबट्या म्हणजे बॅकस, आणि त्याच्यामागे गाढवावर बसलेला लठ्ठ म्हातारा म्हणजे त्याचा गुरू सायलेनस. सिंहाचे कातडे आणि गाठीगाठींचा सोटा म्हणजे हर्क्युलिस. पण कातडे बाईने पांघरले असेल आणि धिप्पाड पुरुष सूत कातत असेल, तर तो हर्क्युलिस राणी ओम्फेलीचा दास असतानाचा प्रसंग आहे.

व्हीनस सगळ्यात जास्त वेळा भेटते. तिच्या खुणा कबुतरे, गुलाब, शिंपला, हंस, डॉल्फिन. हातात सफरचंद असेल किंवा एखादा तरुण तिला ते देत असेल, तर ट्रॉयच्या युद्धाचे मूळ ठरलेला पॅरिसचा निवाडा समजा. मग बाजूला उरलेल्या दोन देव्या शोधा. मोराजवळची एक, शिरस्त्राणाजवळची दुसरी.

गुबगुबीत बाळे दिसली की प्रत्येकाला क्यूपिड म्हणायचा मोह होतो. तो आवरा. चित्रकार बुशेच्या रेखाटनांवरून सेव्रने असंख्य पोरे रंगवली. त्यातली बरीच मासे पकडताहेत, फुले वेचताहेत, वाद्य वाजवताहेत. पंख नाहीत, भाता नाही, मग ती साधी पोरे आहेत. पंख, बाण, डोळ्यांवरची पट्टी किंवा मशाल यांपैकी काही असेल तरच प्रेमदेव म्हणा.

चार चित्रांचा संच असेल तर ऋतू आठवा. फुले घेतलेली फ्लोरा वसंताची, गव्हाची सेरीस उन्हाळ्याची, द्राक्षांचा बॅकस शरदाचा, आणि शेकोटीपाशी अंग आखडून बसलेला म्हातारा हिवाळ्याचा. एक ओळखला की उरलेले तीन आपोआप सुटतात.

इथे मराठी वाचकाला वेगळी सूचना द्यावीशी वाटते. काही खुणा आपल्याला इतक्या ओळखीच्या आहेत की त्या फसवतात. हंस दिसला की सरस्वती मनात येते. इथे तो व्हीनसचा रथ ओढतो, किंवा लीडा नावाच्या राणीजवळ गेलेला वेषांतरित ज्युपिटर असतो. मोर कार्तिकेयाचा नाही, जूनोचा. त्रिशूळ शंकराचे नाही, समुद्रदेव नेपच्यूनचे, आणि खाली नंदीच्या जागी माशांच्या शेपट्यांचे घोडे. पांढरा बैल दिसला आणि त्याच्या पाठीवर घाबरलेली तरुणी असेल, तर तो पुन्हा ज्युपिटर, युरोपा नावाच्या राजकन्येला पळवून नेणारा. वस्तू तीच, अर्थ दुसरा. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका, निदान दोन जुळू द्या.

चौथी पायरी: बदलाचा क्षण शोधा

ओव्हिड या रोमन कवीचे 'मेटामॉर्फोसिस' हे पंधरा सर्गांचे काव्य म्हणजे रूपांतरांच्या कथांची खाणच. त्याचे फ्रेंच भाषांतर 1767 ते 1771 या काळात पॅरिसमध्ये चार खंडांत, भरपूर कोरीव चित्रांसह निघाले. अशी पुस्तके आणि सुटी कोरीव चित्रे पोर्सिलेन रंगवणाऱ्यांच्या हाताशी असत.

रूपांतराच्या कथेतला रंगवण्याजोगा क्षण एकच, माणूस अर्धा बदललेला असतानाचा. म्हणून पळणाऱ्या स्त्रीच्या बोटांची टोके बघा. तिथे पाने फुटली असतील तर ती डॅफ्नी, मागे धावणारा अपोलो, आणि ती लॉरेलचे झाड होते आहे. शिकाऱ्याच्या कपाळावर शिंगे उगवत असतील तर तो अ‍ॅक्टिऑन. डायानाला स्नान करताना पाहिल्याबद्दल तो सांबर होतो आहे, आणि क्षणभरात त्याचेच कुत्रे त्याला फाडतील. बकऱ्याच्या पायांचा पॅन बोरूच्या बेटाला कवटाळत असेल, तर ज्या परीच्या मागे तो लागला होता ती सिरिंक्स आताच बोरू झाली आहे. त्याच बोरूची तो पुढे बासरी करतो.

हे तपशील ताटलीवर तांदळाच्या दाण्याएवढे असतात. भिंग जवळ ठेवा. संग्रहालयात मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठे करून बघितले तरी काम भागते, फक्त फ्लॅश बंद करा. अ‍ॅक्टिऑनची शिंगे पहिल्यांदा दिसतात तेव्हा होणारा आनंद शब्दांत सांगण्यासारखा नाही. तोपर्यंत समोर एक रम्य वनभोजन दिसत असते.

देव माणसाच्या वेषात असतील तर काम जरा अवघड. फेनेलॉं या धर्मगुरूने चौदाव्या लुईच्या नातवाला राज्यकारभार शिकवण्यासाठी तेलेमाकची गोष्ट रचली, ती 1699 मध्ये छापली गेली आणि पुढच्या शतकभर फ्रान्समध्ये खूप वाचली गेली. तिच्यात ट्रॉयच्या युद्धातला वीर युलिसिस याचा मुलगा तेलेमाक बापाच्या शोधात निघतो आणि मेंटॉर नावाचा म्हातारा त्याला वाट दाखवतो. हा म्हातारा म्हणजे प्रत्यक्षात मिनर्व्हा. तरुण, दाढीवाला वृद्ध, बेट, फुटलेले जहाज आणि स्वागत करणारी सुंदरी असे एकत्र दिसले, तर कॅलिप्सो या परीच्या बेटावरचा हा प्रसंग असण्याचा संभव मोठा.

पाचवी पायरी: मूळ चित्र शोधा

सेव्रचे चित्रकार प्रसंग सहसा मनाने रचत नसत, कोरीव चित्रावरून घेत. तैलचित्रावरून तांब्याच्या पत्र्यावर कोरले आणि कागदावर छापले की प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी होते. ताटलीवर तीच उलटी प्रतिमा उतरते. देव डाव्या हाताने तलवार उगारतो आहे, धनुष्य चुकीच्या हातात आहे, असे दिसले तर मध्ये छापील चित्र आले असावे. काही कोरक्यांनी मुळातच उलटे कोरून छाप सरळ आणली, म्हणून हा नियम पक्का नव्हे. पण मूळ तैलचित्र शोधताना ते सरळ आणि उलटे दोन्ही डोळ्यांसमोर ठेवावे.

शोधताना कथेच्या नावाबरोबर बुशेचे नाव घालून बघा. लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन, ब्रिटिश राजघराण्याचा संग्रह या सगळ्यांच्या याद्या इंटरनेटवर खुल्या आहेत.

सहावी पायरी: उलटून बघा

हे हाताळता येणाऱ्या भांड्यासाठी. दोन हातांनी, गादीवर किंवा टॉवेलवर, कानाला धरून कधीही नाही.

राजेशाही काळातली खूण म्हणजे एकमेकांत गुंफलेले, पाठमोरे दोन 'एल'. 1753 पासून त्यांच्यासोबत सालाचे अक्षर येते: ए म्हणजे 1753, बी 1754, असे करत झेड 1777. डब्ल्यू गाळलेला आहे. मग डबल ए म्हणजे 1778, आणि डबल पी म्हणजे 1793. 'एस' असेल तर मोजून बघा, 1771 येईल. आजूबाजूला चित्रकाराची आणि सोनेरी काम करणाऱ्याची खूण वेगळी असते.

मातीचे दोन प्रकार समजून घ्या. सुरुवातीला सेव्रकडे केओलिन ही खास पांढरी माती नव्हती, म्हणून काचेसारख्या मिश्रणातून मृदू पोर्सिलेन करत. 1768 मध्ये लिमोजजवळ सँ-तिरिए इथे केओलिन सापडले आणि खरे कठीण पोर्सिलेन शक्य झाले. कठीण मातीच्या भांड्यावर दोन 'एल'च्या वर मुकुट असतो. मृदू मातीवर रंग झिलईत मुरतात, चित्राला ओलसर मऊपणा येतो, पण सुरीचे ओरखडे पटकन पडतात. कठीण मातीवर रंग वरच्यावर बसतात आणि रेषा धारदार राहतात. माझ्या मते व्हीनस मृदू मातीवर खुलते आणि रोमन सेनापती कठीण मातीवर.

आता सावधगिरी. दोन 'एल'ची खूण फार सहज रंगवता येते. पॅरिसमध्ये 1845 पासून सॅम्सनच्या कारखान्याने जुन्या भांड्यांच्या प्रतिकृती केल्या, आणि इतरांनीही. त्याहून फसवा प्रकार असा: 1800 मध्ये संचालक झालेल्या ब्रोन्यारने मृदू पोर्सिलेन बंद केले आणि शिल्लक राहिलेली न रंगवलेली, सदोष भांडी विकून टाकली. बाहेरच्या चित्रकारांनी ती विकत घेऊन रंगवली. म्हणजे माती अस्सल, चित्र नंतरचे. अशा वेळी हिरवा रंग मदत करतो. क्रोमियम हे मूलद्रव्य 1797 मध्ये सापडले. त्यापासूनचा गडद, थोडा पिवळट, बोथट हिरवा 1770 च्या अक्षराखाली असूच शकत नाही. मुंबईच्या चोर बाजारात किंवा परदेशातल्या जुन्या बाजारात अशी खूण दिसली की आधी पानांचा हिरवा रंग बघा, मग किंमत विचारा.

सातवी पायरी: एक ताटली सोडून पूर्ण संच बघा

एकटी ताटली म्हणजे कीर्तनातली एक ओवी. संचात बसवल्यावर तिचा सूर कळतो.

रशियाच्या कॅथरीन राणीने 1776 मध्ये सेव्रकडे साठ जणांचा संच मागवला आणि 1779 मध्ये तो पोहोचला. सुमारे 800 नग, खर्च तीन लाख लिव्हरांच्या (लिव्हर हे तेव्हाचे फ्रेंच चलन) वर. तिला प्राचीन वळणाचेच काम हवे होते, आणि जमीन हवी होती फिरोजा निळी. हा तांब्यापासूनचा निळा मृदू मातीवरच नीट उतरे, म्हणून कठीण पोर्सिलेन हाताशी असतानाही संच मृदू मातीत केला. काठावर कॅमिओ आले: काही छापून, तर काही कठीण मातीत वेगळे घडवून भांड्यात बसवलेले. ताटलीच्या मध्यावर फुलांनी रेखलेले राणीचे आद्याक्षर 'ई', कारण रशियनमध्ये तिचे नाव एकातेरिना. टेबलाच्या मध्यभागी ब्वाझोचा बिस्किटातला पर्वत, 'रशियाचा पार्नासस' (पार्नासस हा अपोलो आणि कलादेवतांचा पर्वत), आणि त्यावर मिनर्व्हेच्या रूपात स्वतः कॅथरीन. ताटल्यांवरचे सगळे प्राचीन चेहरे काठाकाठाने तिच्याभोवती बसतात. हे ध्यानात घेतल्याशिवाय एक सुटा कॅमिओ ओळखून फारसे हाती लागत नाही. लंडनच्या वॉलेस संग्रहात या संचातले आइस्क्रीमचे भांडे आहे, आणि तिथे प्रवेश मोफत आहे.

सोळाव्या लुईने स्वतःसाठी 1783 मध्ये मागवलेला संच याहून वेगळा. गडद निळी जमीन आणि रंगवलेले पूर्ण प्रसंग, काही ओव्हिडमधले, काही तेलेमाकच्या गोष्टीतले, काही रोमन इतिहासातले. चित्रे इतकी बारीक की काम वीसेक वर्षे चालेल असा अंदाज होता, आणि दरवर्षी थोडे थोडे नग येत. जानेवारी 1793 मध्ये राजाचा शिरच्छेद झाला तेव्हा संच अर्धाच होता. पुढे 1811 मध्ये इंग्लंडच्या युवराजाने, नंतरच्या चौथ्या जॉर्जने, त्यातला मोठा भाग विकत घेतला. आज तो विंडसरला आहे. राजपुत्राला राज्य शिकवणारी गोष्ट एका राजाच्या ताटलीवर, आणि त्या राजाचे पुढे काय झाले हे माहीत असताना ती बघणे मला दर वेळी जड जाते.

आपल्या बाजूचा एक धागाही आहे. 1788 मध्ये टिपू सुलतानाचे वकील, म्हणजे राजदूत, फ्रान्सला गेले होते. त्यांनी सेव्रचा कारखाना पाहिला, आणि लुईकडून पोर्सिलेनच्या भेटी मिळाल्या. प्रत्यक्ष सेव्र बघायचे असेल तर महाराष्ट्रातून सोयीचे ठिकाण म्हणजे हैदराबादचे सालारजंग संग्रहालय. तिथल्या युरोपीय पोर्सिलेनच्या दालनासाठी दोन तास राखून ठेवा.

घरात असे भांडे असेल तर

डिशवॉशर आणि मायक्रोवेव्ह दोन्ही वर्ज्य. सोनेरी काम कमी आचेवर भाजून बसवलेले असते, घासणीने आणि लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने ते जाते. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडके. पाण्याखाली प्लास्टिकचा टब ठेवा, म्हणजे हातून निसटले तरी फुटणार नाही. ताटल्या एकावर एक रचताना मध्ये फडके किंवा फेल्ट घाला. वरच्या ताटलीची बैठक खालच्या देवाचे नाक खरवडते. नोंदीसाठी तीन फोटो पुरतात: पूर्ण भांडे, चित्राचा जवळून, आणि मागची खूण. चौथा तिरप्या उजेडात घ्या, त्यात सोन्याची झीज आणि नंतरचे रंगकाम दिसते.

आता सुरुवातीच्या ताटलीकडे परत या. चंद्रकोर आहे, भाता आहे, कुत्रे आहेत, म्हणून डायाना म्हणायला मन तयार होते. दोनच नव्हे, तीन खुणा जुळल्या. तरी झाडाच्या मागे, सावलीत, आणखी एकदा बघा. तिथे गरुड बसलेला असेल तर ही डायाना नाही. डायानाचे रूप घेऊन तिची सखी कॅलिस्टो हिला फसवायला आलेला ज्युपिटर आहे. बुशेने हा प्रसंग एकाहून जास्त वेळा रंगवला, आणि गरुड दर वेळी मागेच ठेवला.